एकच स्लाइड

वैष्णवी : नवनाथदादा, स्लाइडवरची ती गुलाबाची फुलं काढ आधी. आणि अक्षरांबरोबर वाजणाऱ्या त्या टाळ्यापण.

नवनाथ : अगं, टाळ्यांनीच तर मजा येते राव! एकेक अक्षर गिरक्या घेत येतं पडद्यावर. आपल्या कॉम्प्युटर क्लासची शान आहे ती.

वैष्णवी : मी तुझ्या क्लासची जाहिरात करायला आलेय का घोडेगावच्या आमसभेला? डिंभ्याची संध्याकाळची गाडी बंद केलीय, ती मागायला आलेय.

नवनाथ : माग की! पण आधी स्वागत, मग मान्यवरांची नावं, फोटो. सभापती, उपसभापती, एसटीचे साहेब. एक जरी राहिला ना, तुझी गाडी राहिली बाजूला, माझ्या क्लासला कुलूप लागंल.

वैष्णवी : मान्यवर समोरच बसलेत. त्यांना त्यांचीच तोंडं कशाला दाखवायची? काढ.

नवनाथ : आणि मुद्दे? तुझा अख्खा अर्ज टाईप केलाय मी. तू नुसतं वाचायचं.

वैष्णवी : ते पडदा वाचतील, नायतर माझं ऐकतील. दोन्ही एकदम होत नाय. बोलायला मला तोंड आहे. पडद्यावर फक्त मी काढलेला फोटो.

नवनाथ : एकच? हसतील लोक.

वैष्णवी : हसू देत.

द्रौपदा : नवनाथ, तिचं काय ऐकतुस? वैष्णवे, मोठ्या मान्सांचा मान न्हाई ठिवला तर चारचौघात नाक कापलं जाईल माजं. आन् सांगून ठिवलंय, गाडी न्हाई सुरू झाली तर कॉलेज बंद. अंधार पडस्तवर फाट्यावर उंडारायला न्हाई धाडलं तुला.

वैष्णवी : आई, किती वेळा सांगू, आम्ही उंडारत नाय!

द्रौपदा : मंग काय करता तितं?

वैष्णवी : आज बघच तू.

नवनाथ : जा, नाव पुकारलं तुझं. काढली बाई सगळी. क्लास बुडाला तर तुमच्याच घरी जेवायला येणार, आत्या.

(वैष्णवी पुढं जाते. सभागृहातले दिवे विझतात, पडद्यावर फोटो येतो. ती फक्त फोटोकडे बोट दाखवते. समोर एसटीचे साहेब बसलेत.)

साहेब : हं, बोला ना. गप्प का?

वैष्णवी : आधी नीट बघा, साहेब. मी डिंभ्याची वैष्णवी, बारावीला आहे मंचरला. ह्या माझ्या गावच्या पोरी. फाट्यावरच्या पानटपरीचा बल्ब आहे, त्याच्याखाली थांबल्यात. एसटी नाय, म्हणून जीपची वाट बघतोय. जीपवाला आधी बाजाराची पोती घेतो, मग आम्हाला.

साहेब : ठीक आहे. पुढची स्लाइड?

वैष्णवी : पुढची नाय.

साहेब : मग बंद करा, विषयावर येऊ.

वैष्णवी : हाच विषय आहे. तुम्ही उत्तर देईपर्यंत राहू द्या.

साहेब : हे बघ बाळ, त्या फेरीला प्रवासीच मिळत नाहीत.

वैष्णवी : मग ह्या कोण आहेत?

साहेब : अहो प्रोजेक्टरवाले, बंद करा ते!

वैष्णवी : दादा, हात लावू नको.

नवनाथ : साहेब, प्रोजेक्टर माझा आहे. राहू द्या. वीज काय लई खात नाय.

साहेब : कमाल आहे! प्रस्ताव वर पाठवतो. महिना-दोन महिने लागतील.

द्रौपदा : थांबा साहेब. म्या तिची आई. वैष्णवे, ती खाली बसलीया ती श्रेया ना? मांडीवर काय तिच्या?

वैष्णवी : वही. गणितं सोडवतेय.

द्रौपदा : आन् तिच्या मागची, उभ्यानं?

वैष्णवी : प्राची. पाठांतर करतेय. आई, रोज असंच असतं. मी फोटो काढत होते, नायतर मीपण तिथंच असते.

द्रौपदा : आगं माजे बाय! मला वाटायचं, फिदीफिदी चालतं तुमचं. रोज शिव्या घातल्या म्या तुला.

साहेब : बाई, बसा खाली. सांगितलं ना, दोन महिने धीर धरा.

द्रौपदा : धरते की. तवर रोज सांजच्याला म्याच यीन फाट्यावर, पोरींसंगं बसाया. जीप मिळाली तर जीपनं, न्हाईतर चालत. गाडी कवा सोडायची ते तुमी बगा, साहेब. माजी पोर कॉलेज सोडनार न्हाई.