हेलन टीचरांचा सूचनाफलक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे कार्यवाह माननीय ॲन्सेल्म परेरा साहेब, मुख्याध्यापिका आशालता राऊत मॅडम, व्यासपीठावरचे मान्यवर आणि व्यासपीठावर जागा कमी पडली म्हणून कुरकुर न करता खाली बसलेले मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती हेलन घोन्साल्विस टीचर, त्यांचे यजमान आलोशियसभाऊ, पाचूबंदरपासून चंदनसारपर्यंत कुठून कुठून आलेले पालक, माजी विद्यार्थी आणि माझ्या सहकारी मित्रमैत्रिणींनो,

मला आधीच बजावण्यात आलं आहे, "सामंतसर, थोडक्यात बोला." मी या शाळेत मराठी शिकवतो. थोडक्यात बोलणं मला आजवर साधलेलं नाही. ते मला शिकवण्याचा ज्यांनी मनापासून प्रयत्न केला, त्या आत्ता या हाराखाली अवघडून बसल्या आहेत. तेव्हा त्यांच्यासाठी थोडा जास्तीचा वेळ मी हक्काने घेणार.

राऊत मॅडमनी प्रास्ताविकात टीचरांचे गुण सांगितले. त्या वक्तशीर आहेत, प्रेमळ आहेत, मुलांवर कधी हात उगारला नाही. सगळं खरं आहे. मी त्यात भर घालणार नाही. चित्रकलेच्या शिक्षिकेचा हातच जेव्हा तिचं ऐकेनासा झाला, तेव्हा तिने काय केलं, एवढंच मला सांगायचं आहे.

माजी विद्यार्थ्यांना फाटकाजवळचा काळा फळा आठवत असेल. रोज प्रार्थनेआधी टीचर त्यावर रंगीत खडूने सूचना लिहायच्या. सहल कधी, फी कधी, परीक्षेचे अर्ज कधी. अक्षर असं की शाळेत पाऊल न टाकता, रस्त्याच्या पलीकडून, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन जाणाऱ्या बाईलाही वाचता यावं. त्या फळ्याचं कौतुक आम्ही कधी केलं का? नाही. रोज दिसणाऱ्या गोष्टीचं कौतुक करायचं आपल्याला सुचत नाही.

मग एके वर्षी शिक्षकखोलीत टीचरांच्या बशीवर कप वाजायला लागला. आधी आम्ही थट्टा केली. नंतर खडू मोडायला लागले. सरळ रेघ काढता काढता मध्येच नागमोडी होऊ लागली. वसईतल्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की हा कंप आहे, जिवाला धोका नाही, पण औषधाने पूर्ण जाणारही नाही, हळूहळू वाढेल. टीचरांनी उजवा हात पदराखाली ठेवायला सुरुवात केली. फळ्यावर लिहिणं बंद झालं. सूचना कार्यालयातून छापून यायला लागल्या आणि काचेच्या पेटीत अडकवल्या जाऊ लागल्या. बारीक टाइप, कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. नियमाप्रमाणे सूचना लावलेली असायची. ती वाचली जाते की नाही, हे पाहणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं.

त्या वर्षी नववीत टिफनी नावाची मुलगी होती. पाचूबंदरची. वडील बोटीवर, आई जीना बाजारात मासळी विकणारी. टिफनीचा हात चित्रात फार चांगला. टीचर तिला शासनाच्या रेखाकला परीक्षेला बसवणार होत्या. दहावीला त्याचे जादा गुण मिळतात, हे इथल्या पालकांना माहीत आहे. अर्ज भरायच्या दिवसांत टिफनी तापाने घरी होती आणि टीचर स्वतः मुंबईच्या इस्पितळात तपासणीला. मुदत संपून गेली. मग जीनाबाई शाळेत आल्या. त्या भांडायला आल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे टीचरांसमोर उभ्या राहिल्या. मी तिथेच होतो.

त्या म्हणाल्या, "टीचर, मी रोज इथनं जाते. आधी तुम्ही लिवायच्या ते मला चालता चालता कळायचं. आता त्या पेटीतला कागद कोन वाचनार? मी बघितला होता तो. मला वाटलं सुट्टीचं काय तरी असंल."

टीचर म्हणाल्या, "कागद पाहिला होतास?"

"बघितला ना. दोन दिवस बघितला."

पुढच्या वर्षी टिफनीची दहावी, आणि ही परीक्षा त्याआधीच द्यायची असते. ती संधी गेली ती गेलीच. राऊत मॅडमनी बोर्डात फोन केले, उपयोग झाला नाही. टीचर पाचूबंदरला तिच्या घरी जाऊन आल्या. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मला इतकंच आठवतं की दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या काचेच्या पेटीसमोर उभ्या राहून तो कागद वाचत होत्या आणि मला म्हणाल्या, "सर, हा कागद दिसतो, पण बोलत नाही. माझा हात थांबला म्हणून फाटक मुकं झालं. हे मला चालणार नाही."

त्याच सुमारास हितचिंतकांचे सल्ले सुरू झाले होते. स्वेच्छानिवृत्ती घ्या, वाडीत लक्ष घाला, नातवंडं येतील. परेरा साहेब, आपणही एकदा तसं सुचवलं होतंत. आपण हसताय म्हणजे आपल्याला आठवतंय. टीचरांनी आपलं म्हणणं नीट ऐकून घेतलं, आभार मानले आणि त्याच आठवड्यात चंदनसारला जाऊन ग्राफिक डिझाइनच्या क्लासात नाव घातलं.

मोबाइलच्या दुकानावर एक खोली, ओळीने संगणक, आणि शिकवणारा जितेश. तो आज समोर बसला आहे. जितेश टीचरांच्या मुलीपेक्षा लहान. त्याला वाटलं, या बाई मुलासाठी चौकशी करायला आल्यात. त्याने विचारलं, "मावशी, ॲडमिशन कुणाची?" टीचर म्हणाल्या, "माझी. आणि मावशी म्हणालास तरी चालेल, फक्त सवलत देऊ नकोस."

पहिले काही आठवडे फार वाईट गेले. माऊस हा थरथरत्या हाताचा वैरी आहे. पडद्यावरचा बाण नाचायचा. एक अक्षर उचलायला जावं तर शेजारचं चित्र सरकायचं. क्लासातली पोरं लग्नपत्रिका आणि रीलची कव्हरं झरझर बनवत होती आणि टीचरांचा एक चौकोन जागेवर बसत नव्हता. आलोशियसभाऊंनी मला सांगितलं की एकदा घरी येऊन त्या पडवीत बसल्या आणि म्हणाल्या, "खडूने फसवलं ते एकवेळ ठीक. आता यंत्रही हसतंय."

भाऊ म्हणाले, "मग सोड."

त्या म्हणाल्या, "सोडायचं म्हणून सांगत नाहीये. सांगितलं की हलकं वाटतं, म्हणून सांगतेय."

जितेशने त्यांचा त्रास पाहिला होता. त्याने बाणाचा वेग कमी करून दिला आणि म्हणाला, "मावशी, माऊस थोडा वेळ बाजूला ठेवा. कीबोर्डवर करू." बाणाची कळ दाबली की अक्षर एकाच घराने सरकतं. हात कितीही हलो, ते एकाच घराने सरकतं. पानावर अदृश्य चौकटी आखता येतात, आणि अक्षर जवळ आलं की ते आपणहून ओळीत जाऊन बसतं. टीचरांनी त्या सगळ्या कळा पाठ केल्या. मोकळ्या तासाला आमच्या संगणककक्षात बसून डाव्या हाताने, उजव्या हाताने, दोन्ही हातांनी. मी दारातून पाहायचो. इतकी वर्षं शिकवलेल्या बाईने पुन्हा पहिल्या बाकावर बसायचं आणि चुकायचं, याला किती धीर लागतो? तुम्ही-आम्ही करून पाहिलं आहे का कधी?

हात ताब्यात आला, पण गाडं दुसरीकडेच अडलं. टीचरांनी पहिली सूचना तयार केली ती मीही पाहिली होती. मला ती अप्रतिम वाटली. चारी बाजूंनी वेलबुट्टी, कोपऱ्यांत फुलं, प्रत्येक ओळीला वेगळा रंग, अक्षरांचे चार प्रकार.  जितेश म्हणाला, "छान आहे. पण मला सांगा, यात मी पहिल्यांदा काय वाचू?"

टीचर नंतर मला म्हणाल्या, "सर, मी मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले, सगळा कागद भरू नका, रिकामी जागाही चित्रात बोलते. आणि इथे मीच कागद कोंबला."

तिथून त्या खऱ्या अर्थाने शिकायला लागल्या. सर्वांत महत्त्वाचं ते सर्वांत मोठं. एकमेकांशी नातं असलेल्या गोष्टी जवळ. गडदच्या शेजारी फिकट. एक कड धरून सगळ्या ओळी. नावं नवी होती, पण बरंचसं त्यांनी चित्रातून आधीच ओळखलेलं होतं. जितेशला एक गोष्ट मात्र त्यांनी शिकवली. इंग्रजीच्या हिशेबाने ओळी जवळ आणल्या की मराठीत वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीवर आपटतात. आणि कुठल्याशा फॉन्टमध्ये 'विद्यार्थी' मधला 'द्या' तुटत होता. जितेश म्हणाला, चालतं मावशी, लोक समजून घेतात. टीचर म्हणाल्या, "शाळेच्या फाटकावर चालणार नाही." आणि जोडाक्षर सरळ दिसेल असा फॉन्ट मिळेपर्यंत त्या शोधत राहिल्या.

मग गदा आली माझ्यावर. टीचर सूचनेचा मजकूर घेऊन माझ्याकडे आल्या. "सर्व संबंधित विद्यार्थी व त्यांचे पालक यांना याद्वारे कळविण्यात येते की" अशी माझी सुरेख सुरुवात होती. टीचर म्हणाल्या, "सर, यातलं काय काढलं तर कुणाचं नुकसान होणार नाही?" मी म्हटलं, काहीच काढता येणार नाही, ही कार्यालयीन मराठी आहे. त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे ठेवली. शेवटी मीच एकेक शब्द खोडत गेलो. उरलं ते असं: 'चित्रकला परीक्षा. अर्ज शुक्रवारपर्यंत. हेलन टीचरांना भेटा.' खरं सांगतो, इतकं स्वच्छ मराठी मी त्याआधी लिहिलं नव्हतं.

तो कागद त्यांनी लगेच लावला नाही. आधी पाचूबंदरला नेला. सकाळी लिलाव आटोपल्यावर बायका बसतात, तिथे त्यांनी तो लांबून धरला आणि विचारलं, "काय कळलं?" जीनाबाईही होत्या. त्यांनी पाहिलं, म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत अर्ज. पन टीचर, तुमी कुठं भेटनार? शाळा मोठी हाय." टीचर परत आल्या, त्यांनी खोलीचा क्रमांक घातला आणि मगच तो कागद फाटकावर लावला.

आता तुम्हाला वाटेल, झालं, सगळं सुरळीत. तसं झालं नाही. पालकसभेत एका गृहस्थांनी विषय काढला. नाव घेत नाही, त्यांचा मुलगा पुढे टीचरांचाच लाडका झाला. ते म्हणाले, "ज्यांचा हात थरथरतो त्यांनी चित्रकला का शिकवावी? मुलांना सरळ रेघ कोण शिकवणार?"  मुख्याध्यापिका उठायच्या आत टीचर उठल्या. त्या वेळेपर्यंत पदराखाली असलेला उजवा हात त्यांनी बाहेर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा समोर धरला.

म्हणाल्या, "हा माझा हात. हा थरथरतो, पुढेही थरथरेल. औषध चालू आहे. सरळ रेघ मारायला पट्टी आहे, संगणक आहे. ती रेघ कुठे हवी आणि कुठे नको, हे मुलांना मी शिकवीन. कुणाला अजून काही विचारायचं असेल तर आत्ता विचारा. मागून विचारू नका."

 त्या गृहस्थांनी सभेनंतर येऊन नमस्कार केला. त्या दिवसापासून टीचरांनी हात पुन्हा लपवलेला मी पाहिला नाही.

त्या वर्षी रेखाकला परीक्षेला पाचूबंदरच्या सगळ्या मुली बसल्या. एकीचाही अर्ज राहिला नाही. पुढे दर शनिवारी संगणककक्षात टीचरांनी मुलांसाठी डिझाइनचा वर्ग सुरू केला. त्यात दहावी झालेली टिफनीही यायची. तिचे गुण गेले ते परत आले नाहीत, ते कुणी परत देऊ शकत नव्हतं. पण ती टीचरांसमोर बसून शिकली, रीतसर परीक्षा देऊन उपयोजित कलेला गेली, आणि आज आचोळ्याच्या एका छापखान्यात डिझाइनचं काम करते. टिफनी, जरा उभी राहा बेटा. आणि जीनाबाई, तुम्हीपण. तुम्ही त्या दिवशी आला नसतात, तर ही गोष्टच घडली नसती.

मित्रहो, निवृत्ती हा शब्द आज पत्रिकेवर छापला आहे, म्हणून मीही तो उच्चारतो. पण कालच जितेशने मला एक बातमी दिली. त्याच्या क्लासात आता मराठी अक्षररचनेचा वेगळा अभ्यासक्रम सुरू होतो आहे. नावं घातलेल्यांत बरेचसे आपल्या तालुक्यातले शिक्षक आहेत, आणि त्यातले अनेक पन्नाशीच्या पुढचे. तो शिकवणार आहेत हेलन टीचर. मी त्यांना विचारलं, "थोडी विश्रांती घेणार नाही?" त्या म्हणाल्या, "घेईन की. पण त्यातल्या एकीने विचारलंय, या वयात जमेल का? तिला उत्तर द्यायला कुणीतरी समोर उभं राहायला हवं ना."

संस्थेने हा समारंभ मनापासून आखला, आशालता मॅडमनी मला बोलू दिलं, आलोशियसभाऊंनी घरचं माणूस इतकी वर्षं आमच्या हवाली केलं, त्या सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात एखादं नाव सुटलं असेल, मानापानात काही कमीजास्त झालं असेल, परेरा साहेबांची थट्टा मर्यादेबाहेर गेली असेल, तर ते माझ्या जिभेचं वळण समजून पोटात घाला. थोडक्यात बोलायचं ठरलं होतं, तेही पाळलं गेलं नाही, त्याचीही क्षमा असावी.

आता चहा आहे. पण टीचरांना फार वेळ अडवू नका. उद्या सकाळी चंदनसारला त्यांचा पहिला तास आहे.