पंचाची तोंडी परीक्षा

झुल्मा: परत म्हणा. आणि समोर खेळाडू उभा आहे असं समजून म्हणा. माझ्या टेबलावरच्या कापडाकडे काय बघताय?

विल्मार: यू इज टू लीव्ह द फील्ड.

झुल्मा: आर. यू आर. अहो, मार्चपासून हेच चाललंय. मैदानाबाहेर काढायचं तेव्हा ‘इज’ आणि दारातून निघताना चपला घालताना ‘आर’ आठवतं.

विल्मार: बाई, मी लाल कार्ड काढलं की माणूस आपोआप बाहेर जातो. त्याला व्याकरण लागत नाही.

झुल्मा: मग शनिवारी मोंतेविदेओला जा आणि परीक्षकांनाही कार्डच दाखवा. आंतरराष्ट्रीय पंच व्हायचंय कुणाला, मला की तुम्हाला?

विल्मार: मलाच. आणि यंदा नाही झालं तर पुढच्या वर्षी वय निघून जातं. मग जन्मभर पायसांदूच्या मैदानात गावच्या शिव्या खात धावायचं. म्हणून तर बसलोय ना इथे.

झुल्मा: बसलायत, पण डोकं घरी ठेवून. नीट ऐका, हे शेवटचं सांगते.

विल्मार: मंगळवारीही शेवटचंच होतं.

झुल्मा: तोंड चालतंय, ते इंग्रजीत चालवा. ‘इज टू’ म्हणजे ठरलेलं आहे, वरून हुकूम आहे, वाद नको. ‘इज अबाउट टू’ म्हणजे आत्ता इतक्यात होणार. आणि ‘वॉज टू हॅव’ म्हणजे ठरलं होतं, सगळी तयारी झाली होती आणि राहून गेलं. या तिसऱ्याचं उदाहरण द्या.

विल्मार: द बस वॉज टू हॅव कम.

झुल्मा: बसचं काय घेऊन बसलात? मी देते. लीबेर वॉज टू हॅव गॉन टू मोंतेविदेओ. म्हणा.

विल्मार: बाई, पुरे ना.

झुल्मा: का? वाक्यात एक चूक दाखवा. माझा मुलगा मोंतेविदेओच्या क्लबात जायचा होता. शर्ट मी स्वतः इस्त्री करून बॅगेत भरले होते. त्याला न्यायला माणूस आला होता, अंतिम सामना बघत बसला होता. शेवटच्या मिनिटाला एका पंचानं माझ्या पोराच्या हाताला चेंडू लागला म्हणून शिट्टी फुंकली, पेनल्टी दिली, वर लाल कार्ड. आमचा रेल्वे क्लब हरला आणि तो माणूस कुणाशी न बोलता गाडीत बसून निघून गेला. आता लीबेर कारखान्यात संत्र्यांच्या पेट्या भरतो. म्हणा, वॉज टू हॅव गॉन.

विल्मार: प्रत्येक धड्याला तोच सामना. भूतकाळ शिकवलात, तोच सामना. जर-तर शिकवलंत, तरी तोच. एवढा राग होता तर मला शिकवायला हो का म्हणालात?

झुल्मा: गावात इंग्रजी शिकवणारी मी एकटी उरलेय. तुम्ही आपल्या पायांनी माझ्या दारात आलात. म्हटलं, बरं झालं, आठवड्यातून दोन संध्याकाळी हा माणूस माझ्यासमोर बसेल आणि मी बोलेन ते त्याला ऐकावं लागेल. विद्यार्थ्याला मधेच उठून जाता येत नाही.

विल्मार: ऐकतोय की. आधी मला अरे विल्मार म्हणायचात, माझ्या आईशी कुंपणावरून गप्पा मारायचात. त्या सामन्यापासून अहो-जाहो सुरू झालं. आणि हा येर्बाच्या पाल्याचा चहा. गरम पाण्याचा थर्मास बगलेत, चहाचा भोपळा हातात, नळी तोंडात, आणि मी समोर कोरडा.

झुल्मा: मला घशाला लागते.

विल्मार: मागे एक बेल्जियमचा अधिकारी आला होता. आम्ही सगळे गोल करून बसलो होतो, एकच भोपळा भरून भरून हातोहात फिरत होता. त्याच्या हातात भोपळा आला, तो प्यायला, आणि बिचारा सभ्यपणे धन्यवाद म्हणाला. आपल्याकडे धन्यवाद म्हटलं की संपलं, आता मला नको. दुपारभर भोपळा त्याला वगळून फिरला आणि त्याला कळेना आपलं काय चुकलं. त्याला निदान पहिला तरी मिळाला होता.

झुल्मा: परीक्षेतही भोपळाच मिळणारेय, घाई कशाला? चला, मोठा प्रश्न. तुम्ही दिलेला सगळ्यात अवघड निर्णय कोणता?

विल्मार: ते तयार आहे. कुत्र्याचं सांगणारेय. सामना चालू असताना कुत्रा शिरला आणि चेंडू घेऊन पळाला.

झुल्मा: कुत्रा? परीक्षकांपुढे कुत्रा सांगणार? नाही. तो सामना सांगायचा.

विल्मार: तो नाही सांगणार.

झुल्मा: मग मी पुस्तक मिटते. शनिवारी कुत्र्यालाच घेऊन जा बरोबर.

विल्मार: तुम्ही फार छळता, बाई.

झुल्मा: सुरू करा.

विल्मार: द बॉल वॉज अबाउट टू क्रॉस द लाइन.

झुल्मा: बरोबर आलं, आश्चर्य आहे. पुढे.

विल्मार: लीबेर वॉज ऑन द लाइन. द हँड टच्ड द बॉल.

झुल्मा: हिज हँड. आता परीक्षक विचारणार, तुम्ही कुठे होतात?

विल्मार: बिहाइंड नंबर फाइव्ह.

झुल्मा: तेच म्हणते मी इतकी वर्षं. आमचा पाच नंबर म्हणजे कपाट होतं कपाट. त्याच्या मागून काय दिसणार होतं? रेषेवरच्या तुमच्या सहायकाच्या डोळ्यांवर ऊन. मी कठड्याशी उभी होते, मला सगळं दिसत होतं. तुम्हाला दिसणं शक्यच नव्हतं.

विल्मार: नव्हतंच दिसलं.

झुल्मा: काय म्हणालात?

विल्मार: मला हात दिसला नव्हता. चेंडू वळलेला दिसला फक्त. डोक्याला लागला की हाताला, देव जाणे.

झुल्मा: आणि न बघता पेनल्टी दिलीत? माझ्या घरात बसून, माझ्या तोंडावर सांगताय?

विल्मार: तुम्हीच खोदून खोदून विचारताय. न बघता नाही दिली. विचारून दिली.

झुल्मा: कुणाला विचारलंत?

विल्मार: जाऊ द्या.

झुल्मा: विल्मार, कुणाला?

विल्मार: लीबेरला. खेळ थांबवला, त्याच्याजवळ गेलो, हळूच विचारलं, हाताला लागला का रे? नाही म्हणाला असता तर मी कॉर्नर देऊन मोकळा झालो असतो. माझी शपथ. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, लागला.

झुल्मा: खोटं बोलताय.

विल्मार: आहे की तो कारखान्यात. विचारा त्याला. वर म्हणाला, पंच, मी सांगितलं हे कुणाला कळू देऊ नका, बाबांना तर मुळीच नाही. तुमचे ओस्वाल्दो रेल्वे क्लबचे सचिव. अख्ख्या क्लबाची हार आपल्या पोराच्या तोंडून झाली हे त्यांना सोसलं असतं का?

झुल्मा: ओस्वाल्दोनं त्याच संध्याकाळी तुमच्या गाडीची काच फोडली.

विल्मार: दोन्ही फोडल्या. पुढची आणि मागची.

झुल्मा: आणि तुम्ही पोलिसात गेला नाहीत. मी म्हणायचे, गेला नाही, म्हणजे मनात चोर आहे.

विल्मार: गेलो असतो तर सगळं निघालं असतं. पोरानं शब्द घेतला होता. आता ओस्वाल्दो नाहीत, म्हणून बोललो. तरी बोलायला नको होतं. त्याला सांगू नका.

झुल्मा: गाढव. माझा मुलगा शुद्ध गाढव आहे. एक ‘नाही’ म्हणायला काय झालं होतं त्याला? मैदानात सगळे खोटं बोलतात. याला नेमकं तेव्हाच खरं सुचलं.

विल्मार: मलाही त्या वेळी असंच वाटलं होतं.

झुल्मा: त्या सामन्याचं नाव काढलं की तो ताटावरून उठून जायचा. मी समजायचे, तुमच्यावरचा राग आहे. तुम्ही बाजारात दिसलात की मी तोंड फिरवते आणि तो मान हलवून ओळख देतो, म्हणून मी त्याच्यावर खेकसते.

विल्मार: हंगामात माझ्या दारात संत्र्यांची पेटी येते. कोण ठेवतं, मी कधी विचारलं नाही.

झुल्मा: ती पेटी. मला दर वर्षी सांगतो, कारखान्यात संत्री कमी आली, यंदा घरी पेटी मिळणार नाही.

विल्मार: मी तुमच्या वाटची खातोय म्हणजे.

झुल्मा: गप्प बस. मला जरा बसू दे.

विल्मार: बाई, मी निघू का?

झुल्मा: कुठे निघतोस? शनिवार दोन दिवसांवर आलाय आणि तुला ‘आर’ येत नाही. हे तिथे सांगायचं नाही, कळलं? एका शब्दानं नाही.

विल्मार: मग कुत्रा?

झुल्मा: कुत्राच. मालकानं त्याला बांधून ठेवायचं ठरलं होतं, पण राहून गेलं. द डॉग वॉज टू हॅव बीन टाइड. म्हण.

विल्मार: द डॉग वॉज टू हॅव बीन टाइड.

झुल्मा: बघ, येतं की. आता खेळाडूला बाहेर काढ.

विल्मार: यू आर टू लीव्ह द फील्ड.

झुल्मा: बरोबर. इतके दिवस कुठे होतं हे?

(झुल्मा थर्मासमधलं पाणी भोपळ्यात ओतते आणि भोपळा त्याच्यासमोर धरते.)

झुल्मा: घे. पाणी जरा निवलंय.

विल्मार: चालेल. ध—

झुल्मा: धन्यवाद म्हणू नकोस. अजून अर्धा थर्मास शिल्लक आहे.