डोकं तिचं, नाक माझं

...नाही, पण मी काय म्हणतो, माणसानं दिवसभर ऑफिसात मान मोडून काम करावं, रिक्षावाल्याशी सुट्ट्यांवरून हुज्जत घालत बोळिंजला पोचावं, लिफ्ट बंद म्हणून जिने चढावेत, धापा टाकत बेल वाजवावी, आणि आतून बायकोचा आवाज काय यावा? "आलास? थांब! आत येऊ नकोस! आधी कोपर हुंग!" आता बोला! स्वतःच्या घराच्या दारात, एका हातात मेथीची जुडी, आणि मी बाही वर सारून कोपराच्या आतल्या बाजूला नाक खुपसून उभा! समोरच्या फेलिशिया आंटी नेमक्या तेव्हाच कचरा ठेवायला बाहेर येतात. "मयूर, बरं आहे ना रे तुझं?" बरं आहे आंटी, बायको शोध लावतेय!

तुम्हाला सांगतो, स्वतःच्या अंगाचा वास घेतला की म्हणे नाक ताजंतवानं होतं. मग दार उघडणार, मग मी डोळे मिटून दोन पावलं आत, आणि ही समोर उभी. "काय येतंय? किती येतंय? कुठून येतंय?" अगं, मला भूक येतेय! पण ऐकतो कोण? डोकं तिचं, नाक माझं!

हेमांगी. माझी बायको. वसई पूर्वेला प्लास्टिकच्या कारखान्यात डिझायनर. बादलीच्या कड्या, कुकरच्या मुठी, झाऱ्यांचे दांडे... तुमच्या बादलीची कडी हाताला काचत नसेल ना, तर मनातल्या मनात हिला नमस्कार करा. तर ही बाई एक दिवस जेवताना म्हणते, "मी सॉकेटात लावायचं सुगंधाचं यंत्र बनवणार." मी म्हटलं, अगं, दुकानात ढिगानं मिळतात की! बाटली लावली, बटण दाबलं, घरभर वास. तर म्हणाली, "तिसऱ्या दिवशी येतो का?" खरंच, येत नाही हो! आपण म्हणतो संपलं वाटतं, बघावं तर बाटली अर्धी भरलेली, मग कंपनीच्या नावानं शिमगा. ही शांतपणे म्हणते, "मयूर, वास संपत नाही. नाक कंटाळतं."

काय वाक्य आहे! एवढी वर्षं हे नाक घेऊन मी हिंडतोय, मला कधी सुचलं नाही! म्हणजे नाकाला मध्ये मध्ये सुट्टी द्यायची. वास थांबवायचा, मग पुन्हा सोडायचा. त्यासाठी हिनं बिनपगारी रजा काढली. कारखान्याचा मालक भला माणूस, म्हणाला, दिवाळीपर्यंत तुझी खुर्ची ठेवतो. तोवर जमलं तर जमलं, नाही तर परत बादल्या. आणि हिला परत बादल्यांकडे जायचं नव्हतं हो, जीव तोडून जायचं नव्हतं! ते तिच्या चेहऱ्यावर दिसायचं, म्हणून तर मी कोपर हुंगत होतो, नाही तर मी काय वेडा आहे?

बरं, आपल्याकडची सॉकेटं कशी? एक पलंगाच्या मागे, एक फ्रिजच्या डोक्यावर, एक आडवं, एक इतकं सैल की प्लग लावला की मान टाकतो! पहिलं यंत्र कललं आणि सगळं तेल माझ्या मोबाइलवर. महिनाभर मी फोन कानाला लावला की ऑफिसातल्या रुचिता मॅडम विचारायच्या, "गजरा कुणासाठी?" दुसरं यंत्र इतकं लठ्ठ झालं की शेजारचं बटणच झाकून गेलं, पंखा बंद करायला आधी सुगंध उपटायचा! तिसरं मात्र, काय सांगू, तळहातात मावेल एवढं, गुळगुळीत, सैल सॉकेटातही ताठ. आत टायमर. थोडा वेळ वास, थोडा वेळ आराम. मी म्हटलं, झालं, जिंकलो!

आणि मग आले अण्णा.

अण्णा म्हणजे माझे वडील, सदानंद. सगळा जन्म गिरीजच्या वाडीत केळी आणि चाफा सांभाळण्यात गेला. गुडघे बोलायला लागले तसे आमच्याकडे आले, पण मन तिकडेच. आणि अण्णांचं एक व्रत आहे. ज्या खोलीत माणूस नाही, त्या खोलीतलं बटण चालू नाही! उठले की निघाले. टक, टक, टक! टीव्ही टक, राउटर टक, फ्रिजसुद्धा एकदा टक! मी बाथरूममध्ये अंगाला साबण लावून उभा, बाहेरून टक! "अण्णा, मी आत आहे!" तर बाहेरून काय उत्तर? "मग बोलायचं ना आधी!" म्हणजे माणसानं आंघोळ करताना बोलत राहायचं!

आता हेमांगीचा टायमर बिचारा काय करणार? बटण बंद झालं की तो सगळं विसरायचा, चालू झालं की पहिल्यापासून सुरू. हिनं बोर्डावर चिठ्ठी लावली, "बंद करू नका." अण्णांनी लाइट लावून चिठ्ठी वाचली, आणि लाइटसकट सगळं बंद केलं. मी बटणावर चिकटपट्टी लावली. संध्याकाळी अण्णा ती घडी करून माझ्या हातात देतात. "कुणीतरी पट्टी लावली होती रे बटणाला. काढली." दिवाळी डोक्यावर आलेली! मी म्हटलं, आता मी बोलतोच अण्णांशी. तर हेमांगीनं माझा हात धरला. "अण्णांना काही बोलायचं नाही. आपल्याकडे घरोघरी एक अण्णा आहेत. कुणाकुणाला सांगत फिरणार? माणूस नाही बदलायचा, वस्तू बदलायची."

आणि अहो, ही बाई अण्णांच्या मागे मागे फिरायला लागली! अण्णा हॉलमध्ये, ही हॉलमध्ये. अण्णा गॅलरीत, ही गॅलरीत. अण्णा फोनवर आत्याला सांगतायत, "सून फार माया लावते गं, क्षणभर सोडत नाही." आणि ही काय बघत होती? बोट! अण्णांचं बोट कधी उठतं, किती वेळानं उठतं! मग एका दुपारी किंचाळलीच, "मयूर, टायमर कशाला हवाय? टायमर घरातच आहे!"

ऐका हं, कसं केलं. आत भाजलेल्या मातीची चकती. बटण चालू असलं की ती तापते, आणि इस्त्रीत असते तशी एक पट्टी वाकून झाकण मिटून घेते. बटण बंद झालं, चकती निवायला लागली, की पट्टी सरळ, झाकण उघडं, आणि उबेवर सुगंध हळूहळू बाहेर! म्हणजे बंद केलं की वास येणार! जगातले सगळे शोधक म्हणतात चालू करा, माझी बायको म्हणते बंद करा! मी कोपर हुंगून आत पाऊल टाकलं आणि, खरं सांगतो, त्या वासानं दारातच उभा राहिलो. डोकं तिचं, नाक माझं, पण त्या दिवशी नाकाला पहिल्यांदा अभिमान वाटला!

रविवारी एका सुगंधाच्या कंपनीचे फेबियन सर यंत्र बघायला येणार. पसंत पडलं तर कंपनी बनवणार, नाही तर सोमवारी बादल्या. हिनं खास त्या दिवसासाठी पहिल्यांदाच सोनचाफा भरला. सर आले, सोफ्यावर हेल्मेट ठेवलं, हिनं बटण लावलं आणि म्हणाली, "आता आपण काहीच करायचं नाही. घरातलं माणूस आपोआप करतं." आणि आम्ही सगळे अण्णांकडे बघत बसलो.

अण्णा उठले. अण्णा बोर्डाजवळ गेले... आणि त्यांनी दुसरा पंखा लावला! ट्यूबलाइट लावली! शोकेसमधला दिवासुद्धा लावला, जो माझ्या लग्नापासून कुणी पेटलेला पाहिला नव्हता! का? तर पाहुणे आलेत! मी हळूच म्हटलं, "अण्णा, बिल..." तर डोळे वटारून म्हणतात, "पाहुण्यांसमोर बिल काढतोस? लाज नाही वाटत?" अहो, आयुष्यभर बटणं बंद करणारा माणूस, आणि आजच दिवाळी! वास म्हणाल तर फेलिशिया आंटींकडच्या तळलेल्या बोंबलाचा. फेबियन सर चहा पितायत, हुंगतायत, घड्याळ बघतायत. हेमांगीचा चेहरा एवढासा झालेला. मला वाटलं आपणच उठावं आणि बंद करावं, तर हिनं मानेनं नाही म्हटलं. स्वतः बंद केलं तर मग शोध कसला?

सर उठले. "छान आहे मॅडम, कळवतो." कळवतो म्हणजे काय ते आपल्याला कळतं हो. आम्ही लिफ्टपर्यंत पोचवायला गेलो, लिफ्ट नेहमीप्रमाणे येईना, आणि तेवढ्यात मागून, घरातून... टक, टक, टक, टक! पाहुणे उंबऱ्याबाहेर गेले ना! सर म्हणाले, "अरे, हेल्मेट राहिलं," आणि परत आत गेले.

आम्ही मागोमाग. हॉलमध्ये अंधार. अंधारात अण्णा बोर्डाजवळ उभे, बोट अजून बटणावर, आणि सगळीकडे चाफा, ताजा, आत्ता झाडावरून उतरवल्यासारखा. अण्णा हळू आवाजात विचारतात, "मयूर, गिरीजहून कोण आलंय रे?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लाजत नाही सांगायला. फेबियन सरांनी अंधारातच हेल्मेट उचललं. मग म्हणाले, "मॅडम, आमच्या घरी माझी मम्मी आहे. ती आमचा गीझर बंद करते, माझ्या डोक्यावर शांपू असताना." आणि सोमवारी हेमांगी बादल्यांकडे नाही गेली. गेली ती त्यांच्या कंपनीत, स्वतःचं यंत्र घेऊन!

आता तुम्ही म्हणाल, मग रडतोस कशाला? अहो, कंपनीत चाचणीची खोली आहे, पण ऑफिसात बटण बंद कोण करतं? कुणीच नाही! म्हणून रोज सकाळी कंपनीची गाडी अण्णांना न्यायला येते. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून जातात, दिवसभर टक टक करतात, चहा पितात, खुशीत परत येतात. गिरीजचं नावसुद्धा काढत नाहीत. आणि घरी? घरी बटणं बंद कोण करणार? परवा ऑफिसातून आलो, सवयीनं कोपर हुंगलं, आत बघतो तर सगळीकडे लाइट, पंखे, माणूस नाही! माझा हात आपोआप गेला हो... टक, टक, टक!

आणि बाथरूममधून हेमांगीची किंकाळी, "मयूर, मी आत आहे!"

काय उत्तर दिलं असेल मी? "मग बोलायचं ना आधी!" ...काय करणार! डोकं तिचं, नाक माझं... आणि आता बोटही माझंच.