रिकाम्या घराची राखण

पेटीवाले, सूर तेवढा धरून ठेवा. मंडळी, आज एकच विचारतो. माणूस घर घेताना जमीन तपासतो, कागद तपासतो, नळाला पाणी येतं का बघतो — पण स्वतःचा जीव किती धीराचा, हे कधी तपासतो का? बोला ना! गप्प का?

बरं, ऐका. त्र्यंबकराव सोनटक्के म्हणून एक गृहस्थ होते. गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर, जखमा धुऊन बांधणारे. सरळ माणूस, पण जिवाला घोर लावून घेणारा! गॅस बंद केला की नाही, म्हणून बसथांब्यावरनं परत येणारा! हसू नका, तिसरी रांग — तुमच्यातही आहेत असे!

रिटायर झाले, फंड हातात आला. आणि मेहुणा मुकुंदा डोळ्यासमोर! मुकुंदाच्या दोन खोल्या भाड्यानं दिलेल्या. एक चार महिने रिकामी पडली, तरी हा पत्ते कुटत बसलेला. "येईल कोणीतरी, दाजी!" अहो, त्याचं किराणा दुकान धो धो चाललेलं, त्याला काय! पण त्र्यंबकरावांनी मनाशी ठरवलं — ह्याला जमतं, मला का नाही?

इंदूताई, त्यांची बायको, म्हणाल्या, "अहो, तुमच्या जिवाला हे झेपायचं नाही."

"अगं, वकिलानं कागद बघितले, भटजींनी दिशा बघितली!"

"तुमच्याकडे कोणी बघितलं?"

हसण्यावारी नेलं त्यांनी. सगळा फंड ओतून फ्लॅट घेतला. आणि मंडळी, राहायचं दुसऱ्यानं, पण वास्तुशांत ह्यांनी केली! गॅलरीत तुळस ठेवली! भाडेकरू आले क्षीरसागर, नवराबायको, अकरा महिन्यांचा करार. आणि त्र्यंबकराव रोज सकाळी तुळशीला पाणी घालायला हजर! पाणी निमित्ताला. डोळे भिंतीवर. "हा खिळा कधी ठोकला? मोटर किती वेळ चालते?"

तिसऱ्या महिन्यात क्षीरसागर हात जोडून म्हणाला, "काका, घर भाड्यानं दिलंत, की आम्हाला नजरकैदेत ठेवलंत?" आणि महिन्याची नोटीस देऊन गेला निघून.

झालं! घर रिकामं पडलं. ह्यांना जेवण जाईना. कोणी बघायला आलं आणि कुलूप दिसलं तर? म्हणून सकाळपासनं त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये सतरंजी टाकून बसायचे. स्वतःच्या राहत्या घरात बायको एकटी, आणि हा माणूस चार भिंतींची राखण करतोय! आलेल्यांनाही इतके प्रश्न विचारायचे, की ते परत फिरायचे. आणि इंदूताई दोन ताटं वाढून वाट बघायच्या. वाईट वाटतं हो सांगताना.

एक दिवस त्या म्हणाल्या, "आज घरी थांबा. छातीत जड वाटतंय."

त्र्यंबकराव दारातच थबकले. एक पाय आत, एक बाहेर. त्यांना कळत होतं हो! पण आतली भीती — ती थांबू देईल तर ना! "अगं, कोल्हापूरचं कुटुंब बघायला येणार आहे. तासाभरात आलोच."

कोल्हापूरकर उशिरा आले. स्वयंपाकघर लहान म्हणाले, गेले. त्र्यंबकराव दुपारी परतले. दार नुसतं लोटलेलं. इंदूताई ओट्यापाशी पडलेल्या होत्या. हाक मारली, हलवलं, पुन्हा हाक मारली... नाही मंडळी. सगळं संपलं होतं.

तेराव्याला मुकुंदा जवळ बसला. सख्खी बहीण गेलेली, डोळे सुजलेले. म्हणाला, "दाजी, ते रिकामं घर विकून टाकू आता."

त्र्यंबकराव म्हणाले, "कुठलं विकू? आता दोन्ही रिकामीच आहेत."

घर वाईट होतं का हो? नाही! चार महिने रिकामी खोली मुकुंदानंही सोसली. ते त्याला झेपत होतं, ह्यांना नव्हतं — यात कसला कमीपणा? काही जिवांना बँकेतलं थोडकं व्याजच मानवतं. पण दुसऱ्याची छाती बघून माणूस स्वतःचा पैसा लावतो, आणि मग जळतो तो एकटा नाही, घरचंही जळतं!

ओ नाना, मान काय डोलावताय? परवा फ्लॅट बघून आलात ना? बिल्डरला विचारलंत, एजंटाला विचारलंत. आता घरी जा. जिनं तुमची घालमेल आयुष्यभर बघितलीय, तिला विचारा, "मला हे झेपेल का?" आणि ती नाही म्हणाली, तर हसू नका.

ती आहे तोवर विचारा.