मामांचा थांबा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या आगाराचे व्यवस्थापक साहेब. व्यासपीठावरचे कामगार संघटनेचे सचिव. ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते ब्रेक विभागाचे मुख्य कारागीर, म्हणजे सगळ्यांचे मामा. त्यांच्या शेजारी आज मुद्दाम बसवलेले त्यांचे व्याही, आमचे पेंटरकाका. पहिल्या रांगेतल्या मामी आणि मामांची लेक. आणि पंखा नेमका आपल्याच डोक्यावर यावा म्हणून लवकर येऊन जागा धरलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी स्टोअर सांभाळते. मामांनी माझ्याकडून इतकी वर्षं ब्रेक लायनर नेले आणि दर वेळी "याहून बरे नाहीत का, ताई?" असं विचारूनच नेले. त्यांच्या कामाबद्दल साहेब बोललेच आहेत. आपल्या बसगाड्या उतारावर थांबतात, याहून मोठं प्रशस्तिपत्रक कोणतं? मी बोलणार आहे ते मामांच्या दुसऱ्या नोकरीबद्दल, जिला पगार नव्हता आणि रजाही नव्हती. मामा आमच्या 'जेवणाची सुट्टी' या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे अ‍ॅडमिन आहेत.

हा ग्रुप निघाला डब्यात कोणी काय आणलंय ते सांगायला. मग निवडणूक लागली, आणि भाजी राहिली बाजूला. कोणाचा पक्ष चोर, कोणाचे मतदार बिनडोक, यावर अशी जुंपली की समोरासमोर एकमेकांना पाना देणारी माणसं फोनवर एकमेकांची सालटी काढू लागली. तेव्हा मामांनी नियम केला. ग्रुपवर ज्याला जे लिहाल, ते दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याच्यासमोर उभं राहून, त्याच शब्दांत, मोठ्याने वाचायचं. आमच्या बॅटरीवाल्या भाऊंनी एकदा मजकुराच्या शेवटी रागाच्या लालबुंद इमोजी चेहऱ्यांची रांग टाकली होती. मामा म्हणाले, "चेहरेसुद्धा करून दाखवायचे." भाऊंनी केले. तिसऱ्या चेहऱ्याला ज्याच्यावर राग होता तोच हसून खाली बसला, आणि भाऊंचा राग कुठे गेला ते भाऊंनाही कळलं नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते. मामा, रागावू नका, आज तुम्हाला उठून जाता येणार नाही.

मामा आणि पेंटरकाका नोकरीला एकत्र लागले. पुढे मामांची लेक काकांच्या घरी सून म्हणून गेली, तरी दोघांचं अरे-तुरे काही सुटलं नाही. फक्त पक्ष वेगळे. त्या निवडणुकीत मामांचा पक्ष सपाटून हरला. काकांच्या वस्तीत तर धुव्वाच उडाला. मामांना ते फार लागलं. घराघरांत पत्रकं वाटून त्यांच्या चपला झिजल्या होत्या. त्या रागात त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "एका लोखंडी खांबासाठी मत विकणाऱ्या शहाण्या मतदारांना माझा कोपरापासून नमस्कार."

खांब म्हणजे बसथांब्याचा. काकांच्या वस्तीजवळचा नवा थांबा दुसऱ्या पक्षाच्या उमेदवार बाईंनी आपल्या आगारात खेपा घालून मंजूर करून घेतला होता. साहेबांना त्या खेपा आठवत असतील. काकांनी तो मजकूर वाचला, एक अक्षर लिहिलं नाही आणि ग्रुप सोडला. दुसऱ्या दिवशी त्यांचा डबा दुसऱ्या टेबलावर गेला. आम्ही सगळे घाबरलो. पक्ष गेले खड्ड्यात, पण यांचं बिनसलं तर माहेर आणि सासर यांच्यामध्ये त्या पोरीने कुठे उभं राहायचं?

पण नियम मामांचाच होता. ते उठले, काकांच्या टेबलापाशी गेले आणि वाचू लागले. आवाज इतका खाली की शेजारच्यालाही ऐकू येईना. काका म्हणाले, "मोठ्याने वाच. मागे ऐकू जात नाही." मामांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग फोन खिशात टाकला आणि विचारलं, "खरं सांग, त्यांना का मत दिलंस?"

काकांनी डब्याचं झाकण लावलं. म्हणाले, "तुझी लेक दवाखान्यातल्या ड्यूटीवरून सुटते तेव्हा अंधार पडलेला असतो. आधी बस पुलावरच थांबायची. तिथून घरापर्यंत रस्त्यावर दिवा नाही. मी रोज बॅटरी घेऊन पुलावर जाऊन उभा राहायचो. आता ती घरासमोर उतरते. म्हणून दिलं."

मामा काकांसमोरच्या बाकावर टेकले. मग म्हणाले, "मला बोलली नाही ती कधी."

"तू काळजी करत बसशील म्हणून."

"पण मी मत माझ्याच पक्षाला देणार."

"दे की. तुला कोणी अडवलंय? आधी डबा आण इकडे."

मामांनी डबा आणला. त्यानंतरच्या निवडणुकीतही त्यांचा पक्ष हरलाच. पण या वेळी मामांनी लिहिलं, "हरलो. का हरलो ते उद्या सुट्टीत सांगा, मी ऐकायला बसतो." मंडळी, ते ऐकवणं अजून संपलेलं नाही. आणि इतकं ऐकून घेणारा माणूस आम्हाला आता कुठे मिळणार? मला ते फार जड जातंय, म्हणून मघापासून विनोद करते आहे.

एक हट्ट मात्र राहिला. लेकीकडे जाताना मामा आजही त्या थांब्यावर उतरत नाहीत. विरोधी पक्षाचा थांबा! ते पुलावर उतरतात आणि उरलेला रस्ता तत्त्व म्हणून चालतात. मामीही चालतात, पण त्या तत्त्वाला दूषणं देत.

तर अध्यक्ष महोदय, आपल्या परवानगीने एक छोटी निवडणूक घेते. कार्यक्रमानंतर ही सगळी मंडळी बसने काकांकडे जेवायला निघाली आहेत. मामांनी थांब्यावर उतरावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा. वा. चालक, वाहक, धुलाई विभाग, सगळे आले. साहेब, अध्यक्षांनी तटस्थ राहायचं असतं, पण असू दे. मामी, दोन हात चालणार नाहीत, एक खाली घ्या. आता पुलावर उतरावं असं कोणाला वाटतं? कोणीच नाही. मामा, तुम्ही परत हरलात.

पण थांबा. मघाशी थांब्यासाठी हात वर होत होते तेव्हा व्यासपीठावर खांद्यापर्यंत वर येऊन पटकन खाली गेलेला एक हात मी पाहिला. काका, तो तुमचा नव्हता, तुमचे दोन्ही हात पुष्पगुच्छात आहेत. तो हात पहिल्या रांगेतल्या लेकीनेही पाहिलाय, म्हणून तर ती हसता हसता डोळे पुसते आहे.

मला बोलायची संधी दिलीत, शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल सर्वांची आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. पोटात मावत नसेल तर ग्रुपवर जरूर लिहा, फक्त उद्या सुट्टीत माझ्यासमोर उभं राहून वाचायची तयारी ठेवा.

मामा, चला. बस लागली आहे, आणि चालकाला कुठे थांबायचं ते सांगून ठेवलंय.