किनारा कुठल्या बाजूला?

मंडळी, जरा पुढं सरका. ते मागं खांबाला टेकलेले — तुम्हीसुद्धा! खांब पडत नाही, मी जामीन राहतो. हां... या.

आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. माणसाला एखादी गोष्ट माहीत नाही. नाही माहीत! तर त्यानं लाज कशाची बाळगावी? माहीत नसल्याची — की विचारलं नाही याची? सांगा बघू. हात वर करा... एकही हात नाही! बघा, उत्तर चुकेल म्हणून हातसुद्धा मांडीवरून उठत नाही. आणि आपण म्हणे शहाणे!

असू दे. ऐका. ही कथा पुराणातली नाही. गेल्या माघात घडलेली, आणि मी तिथं होतो.

डोंबिवलीच्या एका ज्येष्ठ नागरिक संघानं ठरवलं — बोटीनं गोव्याला जायचं. साधी बोट नव्हे, क्रूझ! अकरा मजले, लिफ्ट, नाटकगृह, आणि सगळ्यांत वर पोहायचा तलाव. अहो, खाली एवढा समुद्र पसरलेला असताना वर वेगळं पाणी भरून त्यात डुंबायचं! संघाच्या अध्यक्षा सुलभाताई वर्दे मला म्हणाल्या, "बुवा, तुम्हीही चला. संध्याकाळी तासभर कीर्तन करा." मी म्हटलं, "चला! आजवर श्रोते उठून जातात ही एकच भीती असायची. समुद्रात उठून जातील कुठं?"

आम्ही बत्तीस जण. सरासरी वय बहात्तर. असल्या बोटीचा अनुभव — शून्य!

पण जुन्या बोटी? त्या मात्र आमच्यातल्या पुष्कळांनी पाहिलेल्या. कोकणच्या बोटी हो! इथं कोणी बसलंय का त्या बोटीत? ... त्या बघा, आजी हसल्या! आठवतंय ना आजी? पहाटेचा भाऊचा धक्का. पत्र्याच्या ट्रंका, वळकट्या, कुणाच्या टोपलीत कोंबडी, कुणाच्या मांडीवर फणस. डेकवर चादर टाकली की ती आपली जागा. शेजारच्या चादरीवरचे लोक हर्णैपर्यंत ओळखीचे आणि जयगडपर्यंत नातेवाईक! बंदर आलं की बोट लांब पाण्यातच उभी. मग किनाऱ्यावरून पडाव यायचा, म्हणजे मोठी होडी. लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशी ओरडायचा, "टाक उडी!" आणि नऊवारीतली बाई, काखेत पोर धरून, टाकायची उडी! गेले ते दिवस. भोंगा तेवढा अजून कानात आहे.

तर आमच्यात होत्या द्वारकाकाकू हातिसकर. वय त्र्याहत्तर. बरोबर त्यांचे यजमान भार्गवराव. आयुष्यभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले, पण तोंडातून अक्षर काढायचं म्हणजे संकट! दिवसाला दहा शब्द, त्यातले चार "हूं." आणि काकू? काकूंचं उलट. दिसेल त्याला प्रश्न! "हे काय आहे? हे कशाला? हे असंच का?"

धक्क्यावरच सुरुवात झाली. तिथं बॅगा घेतात, चिठ्ठी लावतात, आणि म्हणतात खोलीवर पोचतील. आम्ही दिल्या. कधी पोचतील — कोणी विचारलं? एकट्या काकूंनी! "संध्याकाळपर्यंत," बॅगा घेणारा म्हणाला. काकूंनी तिथंच बॅग उघडली, गोळ्यांचा डबा नि एक लुगडं काढून घेतलं. सुलभाताई पुटपुटल्या, "काकू, रांग खोळंबलीय, लोक बघतायत." आणि हा शहाणा कीर्तनकार? धोतर, उपरणं, टाळ — सगळं बॅगेत! कीर्तनाची वेळ झाली तरी बॅगेचा पत्ता नाही. त्या दिवशी मी कीर्तन केलं पायजम्यावर, हातात टाळांऐवजी दोन चमचे घेऊन. हसा, हसा! बॅग आली ती आरतीनंतर.

वर गेल्यावर काय? काकूंनी पिशवीतून चादर काढली आणि मधल्या डेकवर अंथरली! "बसा हो सगळे, जागा धरलीय!" आणि आम्ही — बसलोसुद्धा! जुनी सवय. दशम्या निघाल्या, लसणाची चटणी निघाली. परदेशी पाहुणे फोटो काढायला लागले. शेवटी एक वयस्कर खलाशी आला. गोव्याचा, इनास नाव त्याचं, केस पांढरे. हात जोडून म्हणाला, "माय, तुमका खोली आसा. पलंग आसा. हांगा सगळे चालतात गे." म्हणजे ही जाण्यायेण्याची वाट!

"खोली?" काकू म्हणाल्या. "आणि समुद्र बघायचा कुठून?"

इनास हसला. वाईट नाही हसला. म्हणाला, "दाखयतां, चला."

खोलीत गेल्या तर पलंगावर हत्ती! पांढऱ्या टॉवेलची घडी घालून केलेला — सोंड, कान, सगळं. काकूंनी पाहिलं आणि हात जोडले. "अहो, गणपती बसवलाय! केवढी भाविक माणसं!" कपाळाला कुंकू लावलं. वेणीतलं फूल वाहिलं. आता आली पंचाईत — देवानं अंग कसं पुसायचं? भार्गवराव आंघोळीला गेले आणि ओल्या अंगानं, पंचाच्या शोधात, दारातून डोकावत राहिले. "टॉवेल," म्हणाले. "हात लावाल तर खबरदार!" काकू म्हणाल्या. त्या दिवशीच्या दहा शब्दांतला एक असा वाया गेला!

मग तो भोंगा. सात लहान, एक लांब! प्रवाशांना सरावासाठी बोलावतात — संकट आलं तर कुठं उभं राहायचं ते शिकवायला. हे आम्हाला कोण सांगणार? आमचे रेगेमास्तर नारिंगी जाकीट उलटं घालून स्तोत्र म्हणत धावले. एक बाई जिन्यातच बसल्या — "पोरांना फोन लावा!" मी? मी कीर्तनकार, मरणाला न भिणारा... मी रेगेमास्तरांच्या पुढं होतो! काकू मात्र दारात उभ्या राहिल्या, समोरून जाणाऱ्या माणसाला विचारलं, "बुडतेय का?" तो म्हणाला, "नाही हो, सराव आहे." बस्स. एका प्रश्नात काम झालं!

पण लोक हसायला लागले होते, मंडळी. जेवणाच्या हॉलच्या दारात काकूंनी चपला काढल्या — हसले. संडासाचं बटण दाबल्यावर वाघासारखी डरकाळी आली, काकू बाहेर येऊन विचारतात, "यंत्र बिघडलं का माझ्या हातून?" — हसले. आपलेच लोक! आणि काकू प्रत्येकाला आणखी एक प्रश्न विचारायच्या. "सकाळी किनारा कुठल्या बाजूला येईल हो?" वाढप्याला विचारलं. लिफ्टमधल्या बाईंना विचारलं. कीर्तन संपल्यावर मला विचारलं. मला काय ठाऊक! मी ठोकून दिलं, "समोर."

सुलभाताईंना राहवेना. रात्री जेवताना सगळ्यांसमोर बोलल्या, "काकू, पुरे आता! अडाण्यासारखं काय सारखं विचारायचं? हसं होतं आपल्या संघाचं."

मला वाटलं, काकू रडतील. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "सुलभा, एकदा नव्हतं विचारलं मी. ते फार महागात पडलं."

आणि उठून गेल्या. भार्गवराव पानावर बोट फिरवत बसले. मान खाली.

सकाळ झाली. उजाडत होतं. मी फिरायला म्हणून डेकवर आलो तर कठड्याशी काकू, बाजूला भार्गवराव, आणि इनास. काकू त्याला विचारत होत्या, "किनारा या बाजूलाच ना? नक्की?"

"नक्की, माय. आमी दक्षिणेक चल्ल्यात. जमीन डाव्या हाताक."

"आणि केळशेत बंदर?"

इनासनं डोळे बारीक केले. "जवळपास तेंच आसतलें. पण दिसचें ना, माय. आमी खूप भायर आसात. नुसतें धुकें."

"दिसत नाही?" काकूंचा चेहरा... आणि मग म्हणाल्या, "बरं. नाही तर नाही. पण या बाजूला आहे ना? मग मी इथंच उभी राहते."

मी जवळ गेलो. म्हटलं, "काकू, केळशेतला कोण?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. पंचावन्न वर्षांत कुणालाच न सांगितलेलं.

लग्न झालं वैशाखात. वय अठरा. लग्नानंतर चौथ्या दिवशी केळशेतहून बोटीनं मुंबईला निघाल्या. जन्मात पहिल्यांदा बोट! वडील — सगळे त्यांना अप्पा म्हणायचे — किनाऱ्यावरच्या काळ्या खडकावर उभे राहिले. म्हणाले, "बोट सुटली की हात कर. मी बघतोय." पडावातून उडी टाकून द्वारका बोटीवर चढली, कठडा धरून उभी राहिली. समोर खडक, खडकावर अप्पा. सगळं दिसतंय. नांगर उचलला. भोंगा झाला.

आणि बोट वळली.

मंडळी, बोट वळते हे त्या पोरीला कुठं ठाऊक! ती कठडा सोडेना. किनारा सरकत सरकत गेला आणि समोर आलं नुसतं पाणी. तिला वाटलं, आता परत दिसेल. मागं माणसांची भिंत, ट्रंका, वळकट्या. कुणाला तरी विचारायचं एवढंच — "किनारा कुठल्या बाजूला गेला?" पण नवी नवरी! सासरची माणसं आजूबाजूला. हसतील! अडाणी म्हणतील! ती पाण्याकडे बघून हात हलवत राहिली. रिकाम्या समुद्राला! गर्दी पांगल्यावर पलीकडे धावली, तेव्हा डोंगर आड आला होता.

"अप्पा श्रावणात गेले," काकू म्हणाल्या. "पावसाळ्यात बोटी बंद. घाट कोसळलेला. तार चौथ्या दिवशी पोचली. माझ्या बापानं त्या दिवशी वाट बघितली असेल बुवा, आणि पोरीनं पाठ फिरवली असं वाटून घरी गेला असेल. एक प्रश्न हो. तोंडातून निघाला नाही."

मी काकूंच्या शेजारी कठड्याला टेकलो.

आणि तेव्हा भार्गवराव बोलले.

"नाही गेले."

काकूंनी वळून बघितलं. "काय?"

"तसं वाटून नाही गेले," भार्गवराव म्हणाले. "मी दुसऱ्या बाजूला होतो. सामानापाशी. मला दिसत होते ते. छत्री उघडून हलवत होते, काळी छत्री. उन्हात. मी हात केला. तुझी शाल होती सामानावर, लाल काठाची. ती उचलून हलवली. त्यांना ओळखू आली असणार. कारण त्यांनी छत्री मिटली, आणि दोन्ही हात वर केले. असे."

आणि त्या म्हाताऱ्यानं, मंडळी, दोन्ही हात डोक्याच्या वर नेले.

काकूंनी त्या वर गेलेल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं... बोलला का नाहीत?"

"तुला पुढं शिकायचं होतं. अप्पांनी मॅट्रिक अर्धवट सोडवून लग्न लावलं. मला वाटलं, रागानं मुद्दामच दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिलीस. जखमेवर बोट कशाला ठेवा, म्हणून विचारलं नाही. आणि ते गेल्यावर तर..." त्यांनी कठडा धरला. "मी पण विचारलं नाही, द्वारके."

पंचावन्न वर्षं! एका खोलीत संसार केला. एका ताटात जेवले. मुलं वाढवली, लग्नं लावली, नातवंडं खेळवली. तिच्यापाशी प्रश्न होता, याच्यापाशी उत्तर होतं. मध्ये काय होतं? समुद्र? अहो, वीतभर अंतर! तिला वाटलं अडाणी म्हणतील, आणि याला वाटलं तिला दुखेल. दोघंही भली माणसं हो. वाईट कोणीच नाही. तरी पंचावन्न वर्षं!

काकू रडल्या. खूप रडल्या. इनास टोपी काढून थोडा लांब जाऊन उभा राहिला. मग काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि — बाई ती बाईच! — लगेच विचारलं, "छत्री मिटल्यावर हसले का हो? तोंड दिसलं? अंगात कोट होता की नुसती बंडी?"

आणि भार्गवराव सांगत बसले. दहा शब्दांचा माणूस! डावीकडे धुकं, धुक्यापलीकडे कुठंतरी केळशेत. बोट पुढं गेली, ते दोघं तिथंच बसले. नाश्त्याला आले नाहीत. माझ्याकडून ऐकून सुलभाताईंनी स्वतः जाऊन दोन ताटल्या नेऊन दिल्या, आणि मी पाहिलं — त्यांनी वाकून काकूंच्या पायाला हात लावला.

तर मंडळी, उत्तर मिळालं? माहीत नसण्याला लोक हसतात, ते हसू वाऱ्यावर जातं. न विचारलेलं मात्र माणूस जन्मभर छातीवर वागवतो. लहान मूल बघा. पडतं, विचारतं, चुकतं, विचारतं. म्हणून ते रोज वाढतं. आपण मोठे झालो, लाज शिकलो, आणि वाढ थांबली!

आता तुमच्यावर येतो. हो, तुमच्यावर! अशी मान खाली घालू नका. बँकेतला कागद न समजता सही केलीत ना? डॉक्टर काय म्हणाले ते न कळता "हो हो" म्हणालात ना? ते सोडा, ते लहान. तुमच्या घरात, तुमच्या शेजारच्या चटईवर, एक माणूस बसलाय. भाऊ असेल, सून असेल, बायको असेल. कित्येक वर्षांपूर्वी त्यानं काहीतरी केलं, ते तुमच्या मनात सलतंय. का केलं, ते कधी विचारलंत? की तुम्हीच उत्तर ठरवलंत आणि त्यावर वर्षं काढलीत?

मी आता भजन सुरू करतो. टाळ्यांचा आवाज मोठा असेल, कुणाला काही ऐकू जाणार नाही. त्या गजरात शेजाऱ्याच्या कानाशी वाका, आणि विचारून टाका.

चला तबलजी, उचला ठेका. जरा जोरात — मंडळींना बोलायचं आहे.