शहाण्णव किलोचं जेवण

ताई: ताट का सरकवलंस? तोलून वाढलंय मी. चमचाभरसुद्धा जास्त नाही.

बारक्या: तोललंस ते बरोबरच आहे, ताई. माप जुनं आहे.

ताई: जुनं कसलं? त्या आहारतज्ज्ञ बाईंनीच दिलंय ना?

बारक्या: दिलं तेव्हा मी शहाण्णव किलोचा होतो. आज गेलो तर त्यांनी आधी हेच विचारलं, मधे का आला नाहीत? म्हटलं, वजन भराभर उतरत होतं, मग कशाला यायचं!

ताई: आणि सत्त्याऐंशीवर येऊन दीड महिना गाडं अडलं.

बारक्या: अडणारच की. जड शरीराला नुसतं उठायबसायलासुद्धा जास्त लागतं म्हणे. नऊ किलोंचं ओझं उतरलं, तसा अंगाचा खर्चही उतरला. त्यात पोटात कमी जातंय म्हटल्यावर शरीर हात आखडून वागायला लागतं. आधी ज्या जेवणावर मी बारीक होत होतो, त्याच जेवणावर आता जेमतेम आहे तसा राहतोय.

ताई: माणूस बारीक झाला की कापड कमी लागतं, एवढंच ना? जन्मभर शिवणकाम केलं मी. तुझ्या पँटी दोनदा आत घेतल्या. पण तेव्हा काही हे डोक्यात आलं नाही.

बारक्या: तुझ्या कशाला, माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मी आपला जिने चढतोय. लिफ्ट दुरुस्त करायला जायचं आणि नवव्या मजल्यापर्यंत पायी. परवा एक आजोबा म्हणाले, "अहो, तुमचाच भरवसा नसेल तर आम्ही कशाला बसायचं तिच्यात?"

ताई: (हसता हसता खोकते) बरोबर बोलले की ते! मग आता किती कमी करायचं?

बारक्या: थोडंसंच, म्हणाल्या. उतावीळपणा करू नका, अशक्तपणा येईल. पण तू आजपासून निम्मंच वाढ.

ताई: निम्मं? चक्कर येऊन जिन्यावरून कोसळलास तर?

बारक्या: नाही कोसळत. सहाच किलो राहिलेत. माझ्या लिव्हरवरची चरबी गेल्याशिवाय डॉक्टर तुझ्यासाठी त्याचा तुकडा काढणार नाहीत. दीड महिना फुकट घालवला मी. तुझे डोळे रोज जास्त पिवळे दिसतात, ताई. जीव उडून जातो माझा.

ताई: बारक्या...

बारक्या: आई गेली तेव्हा तू स्वतः अर्धपोटी राहून मला वाढवलंस. आणि मला सहा किलो जड आहेत होय? निम्मं वाढ. हट्ट करू नकोस.

ताई: अरे, ऐकून तर घे. सकाळी हॉस्पिटलातून फोन आला होता.

बारक्या: तारीख दिली?

ताई: नाही रे. परवाच्या तपासणीत दिसलंय. लिव्हरमधली कॅन्सरची गाठ बाहेर पसरली आहे. आता तुझा तुकडा घेऊन उपयोग नाही, म्हणाले.

बारक्या: असं कसं? आपण दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू.

ताई: दाखवू. पण तिघांनी मिळून बघितलंय म्हणे.

बारक्या: त्या दीड महिन्यात पसरली का?

ताई: ते त्यांनाही सांगता येत नाही. तू तो हिशेब मांडत बसू नकोस. माझी शपथ आहे.

बारक्या: शपथ घालून थांबतं होय? मी वेळेवर गेलो असतो तर...

ताई: तर काय झालं असतं, ते देवालाच ठाऊक.

बारक्या: मघाशीच का नाही सांगितलंस? मी आपला मूर्खासारखा बडबडत बसलो.

ताई: किती उमेदीने बोलत होतास तू. ऐकावंसं वाटलं. मलाही दोन घटका खरं वाटायला लागलं.

बारक्या: ताई, मला भीती वाटते गं.

ताई: मलाही वाटते. ये, जवळ बस. आणि उद्या कामावर जा हं. घरात तोंड पाडून बसलास तर मला ते बघवणार नाही.

बारक्या: आधी त्या बाईंकडे जाऊन येतो.

ताई: आता कशाला रे?

बारक्या: तुझ्या अंगी काय लागेल, ते विचारायला. इतके महिने आपण दोघं माझंच वजन बघत बसलो, ताई.